सोळा ठिपक्यांचे जाळे आणि दोन टक्क्यांची यादी

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला की आपल्या जिल्हा पुरवणीत एका ठरावीक साच्याची बातमी येऊ लागते. अमुक महाविद्यालयाचे अमुक प्राध्यापक ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत’ आल्याचे शीर्षक असते, शेजारी संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि शाल-श्रीफळ स्वीकारणारे सत्कारमूर्ती यांचे छायाचित्र असते, आणि शेवटी शोधनिबंध किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती, हे तीन आकडे असतात. त्या प्राध्यापकांनी नेमके काय शोधून काढले, हे मात्र बातमीत नसते. मी चौतीस वर्षे महाविद्यालयात गणित शिकवले, आलेख सिद्धांतात, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या गणितात, थोडेफार संशोधन केले आणि निवृत्तीपूर्वीच्या दहा-बारा वर्षांत विषयतज्ज्ञ म्हणून बऱ्याच निवड समित्यांवर बसलो. सत्कार होणाऱ्यांपैकी काहींचे काम मला ठाऊक आहे आणि ते खरोखर चांगले आहे, त्यामुळे हे पत्र त्यांच्याविरुद्ध आहे असा समज कृपया होऊ नये. त्या तीन आकड्यांचा अर्थ काय आणि गणितासारख्या विषयात त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी, एवढेच मला मांडायचे आहे. योगायोग असा की ज्या शास्त्राने या आकड्यांचे अंतरंग उलगडून दाखवले ते नेटवर्क सायन्स, म्हणजे जाळ्यांचे विज्ञान, माझ्या विषयाच्या अगदी शेजारघरी राहते.

प्रथम त्या यादीविषयी. स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला पुरस्कार असे तिचे वर्णन बातम्यांत येते, ते बरोबर नाही. तेथील प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या माहितीसंचातील नोंदींवरून ती काढतात. संशोधकांची वाटणी २२ क्षेत्रांत आणि १७४ उपक्षेत्रांत केलेली असते. यादी दोन प्रकारची असते, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी केवळ एका वर्षाची. आपल्याकडच्या बातम्यांत हा भेद क्वचितच सांगितला जातो. क्रम लावताना सहा मापे एकत्र केली जातात आणि त्यांपैकी काही मापांत, लेखकांच्या नावांत आपले नाव पहिले आहे की शेवटचे, याला वजन असते. वैद्यकात किंवा रसायनशास्त्रात हे योग्यच आहे, कारण तिथे पहिल्या लेखकाने बहुतेक काम केलेले असते आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो. गणितात मात्र लेखकांची नावे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लावण्याचा रिवाज आहे. आपटे, कुलकर्णी आणि वझे या तिघांनी मिळून एक प्रमेय सिद्ध केले, तर आपटे पहिले म्हणून आणि वझे शेवटचे म्हणून भाव खाऊन जातील आणि कुलकर्णी, मग प्रमेयाची मूळ कल्पना त्यांचीच का असेना, मधल्यामध्ये राहतील. माझे आडनाव वर्णमालेच्या मध्यावर येते, ही बाब या वाक्यामागे नाही, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

आता मूळ आकड्याकडे वळतो. सायटेशन म्हणजे एका संशोधकाने आपल्या निबंधाच्या शेवटी दुसऱ्याच्या निबंधाचा दिलेला संदर्भ. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली अशा संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर अमेरिकी वकिलांचा नमुना होता. एखादा जुना न्यायनिवाडा पुढे कोणकोणत्या निकालांत आधाराला घेतला गेला, हे दाखवणाऱ्या सूच्या तिथे एकोणिसाव्या शतकापासून होत्या. एखाद्या निबंधाचा धागा पुढे कोणी उचलला, त्यावर टीका झाली का, चूक सापडली का, हे शोधण्याची सोय, हा गारफील्ड यांचा उद्देश होता. ग्रंथालयातल्या वाचकासाठी केलेली ही वस्तू पुढे पगारवाढीच्या फायलीत जाऊन बसली. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. ज्या संशोधकाच्या २१ निबंधांना प्रत्येकी किमान २१ संदर्भ मिळाले आहेत आणि २२ निबंधांना प्रत्येकी २२ मिळालेले नाहीत, त्याचा एच-इंडेक्स २१. हिशेब सोपा, कोणत्याही कारकुनाला मोबाईलवर पाहता येणारा, आणि म्हणूनच पाच-सहा वर्षांत जगभर पसरला.

संदर्भ देणारा माणूस मूळ निबंध वाचतो, हे यात गृहीत धरलेले आहे. या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव लहानसा पण बोलका आहे. तिशीत असताना मी आलेखांच्या रंगसंख्येवर एक निबंध लिहिला होता. आजवर त्याला एकूण अकरा संदर्भ मिळाले. माझ्या सर्व निबंधांत हाच सर्वांत भाग्यवान. तो त्या नियतकालिकाच्या २३१ व्या पानावर सुरू होतो. अकरांपैकी चार जणांनी पान २१३ असे छापले आहे. चार वेगवेगळ्या गावच्या चार माणसांनी स्वतंत्रपणे नेमके तेच दोन अंक उलटे केले, असे मानणे कठीण आहे. पहिल्याने चूक केली आणि पुढच्या तिघांनी माझा निबंध न उघडता पहिल्याच्या यादीतून नोंद उतरवून घेतली, हे उघड आहे. वर्गात एकमेकांची गृहपाठाची वही पाहून लिहिणारी मुले अशीच पकडली जातात. लॉस एंजेलिसच्या सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ च्या सुमारास हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. कोस्टरलिट्झ आणि थाउलेस या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रसिद्ध निबंधाचे सुमारे ४३०० संदर्भ त्यांनी तपासले. त्यांत १९६ ठिकाणी छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाच्या आकड्यातली एकच चूक तब्बल ७८ वेळा उतरवली गेली होती. यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एकच मूळ लेखन वाचत असावा. या अंदाजाच्या रीतीवर आक्षेप घेता येतील आणि घेतलेही गेले आहेत. मात्र ७८ वेळा उतरलेली चूक कोणाला पुसता येणार नाही.

नेटवर्क सायन्सचा संबंध इथे येतो. प्रत्येक शोधनिबंध हा एक ठिपका मानला आणि प्रत्येक संदर्भ हा एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण मानला, तर साऱ्या विज्ञानाचे एक प्रचंड जाळे तयार होते. एखाद्या निबंधाचे सायटेशन म्हणजे त्या ठिपक्यावर येऊन टेकलेले बाण. हे जाळे प्रथम ज्यांनी निरखून पाहिले ते डेरेक डी सोला प्राइस हे गृहस्थ मोठे नामी होते. सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत असताना, ग्रंथालयाची इमारत तयार होत नाही तोवर म्हणून, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंड त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतले. दहा-दहा वर्षांच्या खंडांचे गठ्ठे भिंतीला टेकवून रचले, तेव्हा त्यांची उंची दर टप्प्याला कशी झपाट्याने वाढत गेली आहे, हे त्यांच्या डोळ्यांत भरले. विज्ञानाची वाढ मोजता येते ही कल्पना त्यांना त्या भिंतीपाशी सुचली. १९६५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी संदर्भांच्या जाळ्यावर निबंध लिहिला. कोणतेही एक वर्ष घेतले तर आजवरच्या निबंधांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना त्या वर्षात एकही संदर्भ मिळत नाही आणि आणखी ४९ टक्क्यांना फक्त एकच मिळतो, असे त्यांनी दाखवले. पुढे १९७६ मध्ये त्यांनी याचे गणिती कारणही दिले. ज्या निबंधाला आधीच संदर्भ मिळालेले आहेत तो लोकांच्या नजरेस अधिक पडतो, म्हणून त्याला आणखी मिळतात. सुरुवातीचा किरकोळ फरक, तोही कधी कधी निव्वळ नशिबाचा, पुढे डोंगराएवढा होतो. चक्रवाढ व्याजाचा सावकारी हिशेब माहीत असलेल्या कोणाही मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढचा भाग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. १९९९ मध्ये अल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि त्यांची विद्यार्थिनी रेका अल्बर्ट यांनी त्याच ‘सायन्स’मध्ये चार पानांचा निबंध प्रसिद्ध केला. इंटरनेटवरील पाने, चित्रपटांत एकत्र काम केलेले नट अशा निरनिराळ्या जाळ्यांत थोड्या ठिपक्यांना अफाट जोडण्या आणि बाकीच्यांना अगदी मोजक्या का असतात, याचे स्पष्टीकरण त्यात होते. नवा ठिपका जाळ्यात येतो तेव्हा तो आधीच भरपूर जोडण्या असलेल्या ठिपक्याला जोडून घेण्याची शक्यता जास्त असते, हे त्याचे सार. प्राइस यांनी तेवीस वर्षांपूर्वी सांगितलेले तत्त्व मुळात हेच होते, मात्र त्या चार पानांत प्राइस यांचा संदर्भ नाही. लेखकांना तो निबंध त्या वेळी माहीत नव्हता, यात लबाडी काही नाही. पण परिणाम पाहा. त्याच्या आदल्या वर्षी ‘नेचर’मध्ये आलेला वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांचा जाळ्यांवरचाच तीन पानांचा निबंध आणि हा चार पानांचा निबंध, यांना गूगल स्कॉलरवर आज प्रत्येकी चाळीस हजारांहून अधिक संदर्भ आहेत. प्राइस त्यांच्या जवळपासही नाहीत. ‘ज्याच्याकडे आहे त्यालाच मिळते’ असे सांगणाऱ्या निबंधालाच ते सारे मिळाले आणि तेच आधी सांगणारा मागे राहिला, याहून त्या सिद्धांताचा चांगला पुरावा कुठून आणायचा?

याच गोष्टीचा गणिताच्या बाजूचा धागा आणखी बारीक आहे. बाराबाशी-अल्बर्ट यांचे प्रतिमान भौतिकशास्त्रज्ञांच्या पद्धतीने मांडलेले होते. गणितज्ञाच्या कसोटीला त्यातल्या व्याख्या पुरेशा काटेकोर नव्हत्या आणि निष्कर्ष सिद्ध केलेला नव्हता. बेला बोलोबाश, ऑलिव्हर रिऑर्डन, जोएल स्पेन्सर आणि गाबोर तुशनादी या चौघांनी २००१ मध्ये ते प्रतिमान नीट बांधून दिले आणि अपेक्षित निष्कर्षाची पक्की सिद्धता दिली. ते जिकिरीचे, दमछाक करणारे काम होते. त्याला मिळालेले संदर्भ मूळ चार पानांच्या तुलनेत अगदी थोडे आहेत, कारण जाळ्यांचा उपयोग करणारे जीवशास्त्रज्ञ, अभियंते, समाजशास्त्रज्ञ हजारोंनी आहेत आणि त्यांना कल्पना हवी असते, सिद्धता नको असते. एकाच विषयाच्या दोन बाजूंना काम करणाऱ्यांच्या आकड्यांत इतकी तफावत असते आणि तीवरून कोण सरस हे काहीच ठरत नाही. मार्क न्यूमन यांनी २००९ मध्ये तर हिशेब करून दाखवले की एखाद्या क्षेत्रात अगदी सुरुवातीला आलेल्या निबंधांना, त्यांत काय लिहिले आहे याच्याशी फारसा संबंध नसतानाही, नंतरच्यांपेक्षा पुष्कळ जास्त संदर्भ मिळत राहतात. न्यूमन स्वतः या क्षेत्रातील सर्वाधिक संदर्भ मिळणाऱ्यांपैकी एक आहेत, म्हणून त्यांच्या तोंडी हे अधिक शोभते.

गणिताची चालही इतर शास्त्रांहून संथ आहे. आंतरराष्ट्रीय गणित संघाने अन्य दोन संस्थांसह २००८ मध्ये संदर्भांच्या आकडेवारीवर एक अहवाल प्रसिद्ध केला होता. रॉबर्ट अ‍ॅडलर, जॉन यूइंग आणि पीटर टेलर हे त्याचे लेखक. जीवशास्त्रातील निबंधाला सरासरीने गणितातील निबंधाच्या सुमारे सहापट संदर्भ मिळतात, असे त्यात नोंदवले आहे. नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे त्यातल्या निबंधाला सरासरी किती संदर्भ मिळतात याचे माप, काढताना फक्त मागच्या दोन वर्षांतले निबंध मोजले जातात, तर गणितात सुमारे ९० टक्के संदर्भ त्या दोन वर्षांच्या बाहेरच्या निबंधांना दिलेले असतात. म्हणजे ज्या खिडकीतून आपण गणिताकडे पाहतो आहोत, तिच्यातून नव्वद टक्के गणित दिसतच नाही. माझ्या विषयात एखादा निबंध वीस वर्षे पडून राहतो आणि मग कोणी तरी येऊन तो उघडतो. आणि एखादा निष्कर्ष फारच मूलभूत ठरला, तर त्याला संदर्भ मिळणे बंद होते, कारण तो नावानेच ओळखला जाऊ लागतो. कोनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवून आलेख सिद्धांताचा पाया घालणाऱ्या ऑयलर या गणितज्ञाच्या निबंधाचा संदर्भ आलेख सिद्धांतावर रोज लिहिणाऱ्यांपैकी कितीजण देतात? आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी आपल्या पुस्तिका स्वतःच्या खर्चाने छापल्या. ६१७४ या संख्येला आज जगभर त्यांचे नाव आहे, पण त्या पुस्तिका कोणत्या माहितीसंचात शोधणार?

आता ज्या प्रसंगामुळे हा विषय माझ्या मनात घर करून बसला, तो सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात गणिताच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण हे कुठेही घडले असते. शेवटी दोन उमेदवार उरले. एकाचे नेटवर्क सायन्समध्ये, रोगप्रसाराच्या प्रतिमानांवर, अठ्ठावन्न निबंध होते, सायटेशन चौदाशेच्या आसपास, एच-इंडेक्स २१. दुसऱ्या उमेदवार एक बाई होत्या, त्यांचे संयोजनशास्त्रात, म्हणजे वस्तूंच्या मांडण्या आणि जोडण्यांच्या गणितात, पाच निबंध आणि एकोणीस सायटेशन. समितीपुढे गुणांचा तक्ता होता. आम्हा पाच-सहा जणांपैकी कोणीही दोघांपैकी कोणाचाही एकही निबंध वाचलेला नव्हता, मीसुद्धा नाही. प्रत्येकाला पंधरा मिनिटे होती आणि बाहेर आणखी चौदा माणसे बसली होती. मी त्या बाईंना विचारले की तुमच्या विषयातली तुम्हाला आवडणारी एखादी वस्तू दाखवा. त्यांनी क्षणभर विचार केला, मुलाखतपत्राचा कागद उलटा केला आणि पाठीमागे सोळा ठिपके काढले, चार ओळींत चार-चार, आणि शेजारी पुन्हा तसेच सोळा.

पहिल्या जाळ्याबद्दल त्या म्हणाल्या की बुद्धिबळाचा चार बाय चारचा पट समजा आणि हत्तीच्या एका चालीत जिथे पोचता येते ते ठिपके जोडा. प्रत्येक ठिपक्याला आडवे तीन आणि उभे तीन असे सहा शेजारी मिळतात. दुसऱ्या जाळ्यात प्रत्येक ठिपका त्याच्या उजव्या-डाव्या, वरच्या-खालच्या आणि एका ठरावीक तिरप्या दिशेच्या पुढच्या-मागच्या ठिपक्याला जोडा. पटाच्या कडेवरून बाहेर पडलात तर समोरच्या कडेने आत या. इथेही प्रत्येकाला सहाच शेजारी. दोन्हींकडे एकूण रेषा ४८. दोन्हींकडे, जोडलेल्या कोणत्याही दोन ठिपक्यांचे सामाईक शेजारी दोन, आणि न जोडलेल्या कोणत्याही दोन ठिपक्यांचेही दोनच. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “सर, सगळे आकडे तेच आहेत, पण जाळे तेच नाही.” पहिल्यात कोणत्याही ठिपक्याचे सहा शेजारी पाहिले तर त्यांचे तीन-तीनचे दोन सुटे त्रिकोण होतात, दुसऱ्यात तेच सहा शेजारी हातात हात घालून एक सलग कडे करतात. आकडे मोजून हा फरक कळत नाही, शेजाऱ्यांच्या घरात डोकावावे लागते.

त्या दुसऱ्या जाळ्याला जगभर ‘श्रीखंडे ग्राफ’ म्हणतात. ते ज्यांचे, ते शरदचंद्र शंकर श्रीखंडे १९१७ मध्ये सागरला जन्मले, अमेरिकेत चॅपल हिल येथे राजचंद्र बोस यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली, आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख होते. २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. बोस आणि श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये चार पानांच्या निबंधात लॅटिन चौरसांविषयीचे (ज्यांच्या प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येते असे चौरस) ऑयलरचे १७८२ चे अनुमान खोटे ठरवले, अर्नेस्ट पार्कर यांच्यासह ते पूर्णत्वाला नेले, आणि ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. समितीतील एका सदस्यांनी त्या बाईंना विचारले की याचा उपयोग काय. त्यांनी उत्तर दिले, पण घड्याळाकडे पाहणे सुरू झाले होते. तक्त्यानुसार पहिल्या उमेदवाराची निवड झाली. ते गृहस्थ चांगले होते, त्यांचे कामही खोटे नव्हते. त्यांच्या क्षेत्रात निबंधाला पाच-सहा लेखक आणि चाळीस-पन्नास संदर्भ असतात, त्यामुळे त्यांचे आकडे तसे असणारच. महाविद्यालयाला आलेख सिद्धांत शिकवणारी व्यक्ती हवी होती, हे जाहिरातीत लिहिलेले होते. कागदावर मीही सही केली. नंतर बस स्थानकावर उभा असताना लक्षात आले की तो सोळा ठिपक्यांचा कागद मी खिशात घालून आणला होता.

आपल्या व्यवस्थेने या आकड्यांच्या नादापायी काय काय भोगले, हे आठवण्यासाठी फार मागे जायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने ‘एपीआय’ आणला, म्हणजे अध्यापकाच्या प्रत्येक कामाला गुण. पेपर ‘टाकणे’ आणि ‘काढणे’ ही क्रियापदे आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हापासून रूढ झाली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले की आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या, त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. मग पुण्यातील सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या मदतीने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ ही नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएच.डी.साठी निबंध छापून आणण्याची सक्ती २०२२ च्या नियमांत उठली, हे मात्र बरे झाले.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे आहे असे समजू नये. क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी सर्वाधिक संदर्भ मिळणाऱ्या संशोधकांची यादी काढते. तिच्या २०१९ च्या यादीत गणितातील असे सर्वाधिक संशोधक तैवानमधील ज्या विद्यापीठात सापडले, तिथे गणिताचा अभ्यासक्रमच नाही. गणितात मुळात संदर्भ थोडे असल्यामुळे पंधरा-वीस जणांनी आपापसांत ठरवून एकमेकांचे संदर्भ द्यायला सुरुवात केली की आकडे लगेच फुगतात. खेड्यातल्या भिशीसारखा हा व्यवहार आहे. २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने अखेर गणित हा विषयच आपल्या यादीतून वगळला. आकडे विकणाऱ्या कंपनीला जे उमगले ते आमच्या निवड समित्यांना अजून उमगलेले नाही, याचे मला वैषम्य वाटते.

यावर एक रास्त आक्षेप येईल आणि तो मला टाळायचा नाही. आकडे नकोत, तर मग काय हवे? वशिला? संस्थाचालकांच्या पुतण्याची नेमणूक? आकड्यांमुळे निदान काही तरी कागदावर राहते, गरीब घरच्या, ओळखपाळख नसलेल्या उमेदवाराला ‘माझे इतके आहेत’ असे म्हणता येते. हे अगदी खरे आहे. एपीआयपूर्व काळातल्या मुलाखती मी पाहिल्या आहेत आणि त्या आठवून मला अभिमान वाटत नाही. म्हणून आकडे फाडून टाका असे मी म्हणत नाही. प्रत्येक उमेदवाराकडून त्याला सर्वांत चांगले वाटणारे तीनच निबंध मागवावेत, त्यांत आपण काय केले हे त्याने मराठीत किंवा इंग्रजीत एका पानात लिहावे, ते बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडे महिनाभर आधी पाठवावेत आणि त्यांचा लेखी अभिप्राय फायलीत राहावा. अभिप्राय कागदावर राहिला तर पुतण्याचीही अडचण होते. आकडा पाहायचाच असेल, तर तो त्याच उपक्षेत्रातल्या त्याच वयाच्या माणसांशी ताडून पाहावा. रोगप्रसाराची प्रतिमाने आणि संयोजनशास्त्र एका तागडीत घालू नयेत. संशोधकाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असे सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ पासून सांगत आहे आणि जगातील अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. यासाठी तज्ज्ञांना मानधन द्यावे लागेल आणि वेळ जाईल, हे खरे. पण निवड झालेली व्यक्ती पुढे तीस वर्षे मुलांना शिकवणार असते, त्यापुढे एक महिना काही जास्त नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी मागणी फार छोटी आहे. अशी बातमी यापुढे छापताना ती यादी संपूर्ण कारकिर्दीची आहे की एका वर्षाची, हे कृपया लिहावे आणि ‘स्टॅनफर्डचा पुरस्कार’ हे शब्द गाळावेत. आणि त्या प्राध्यापकांना वार्ताहराने एकच प्रश्न विचारावा, की तुम्ही काय शोधून काढले, ते आमच्या वाचकाला कळेल अशा दोन-तीन वाक्यांत सांगा. चांगले काम केलेला माणूस त्या प्रश्नाने खुलतो, हा माझा अनुभव आहे. गणिताच्या बाबतीत वार्ताहराला उत्तर समजण्यास अडचण आली, तर समजावून सांगायला मी सकाळी अकरानंतर केव्हाही घरीच असतो. माझा दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयाकडे आहे. सोबत त्या सोळा ठिपक्यांच्या दोन आकृत्या हाताने काढून जोडल्या आहेत. जागा असल्यास रविवारच्या पुरवणीत छापाव्यात, मुलांना फरक शोधायला आवडेल.

आपला,
एक निवृत्त गणित अध्यापक
सातारा